आत्याला उरलेला एक शब्द

मी लहानपणापासून कुरकुरी. पेज गरम असली तर गरम का म्हणून, निवली तर निवली का म्हणून. माझी आई म्हणायची, हिला स्वर्गात नेलं तर ही तिथल्या सोन्याच्या रस्त्यातही खडे शोधेल. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चंद्रपूरकडच्या मूलसारख्या गावात राइस मिलचा भुसा डोळ्यांत जातो, वीज तिच्या मर्जीने येते, उन्हाळ्यात अंथरूण हाताला पोळतं. अशा ठिकाणी राहून जो माणूस कुरकुरत नाही, त्याच्याबद्दलच मला शंका यायची.

पण माझं लग्न झालं ते नेमकं कुरकूर हे सगळ्यात मोठं पाप मानणाऱ्या घरात. माझे सासरे जिवंत होते तोवर दारू प्यायचे. त्याला त्या घरात माफी होती. खोटं बोलण्यालाही एखाद्या वेळी होती. कुरकुरीला नव्हती. हा कायदा सासूचा होता आणि तो सासऱ्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना लागू होता.

सासूला मी आत्या म्हणायची. आत्या सिरोंचाकडची. तिथे नदी ओलांडली की तेलंगण लागतं, आणि त्या भागातल्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी उठता-बसता एक शब्द असतो, ‘स्तोत्रम’. म्हणजे देवाची स्तुती, देवाचे उपकार. आमच्या मूलच्या चर्चच्या मंडळीत म्हातारे ‘प्रभूचे उपकार’ म्हणतात आणि तरुण पोरं ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणतात. आत्या लग्न होऊन इकडे आली, मराठी शिकली, आमची झाडीची बोली शिकली, लाखोळीच्या डाळीचं वरण माझ्या आईपेक्षा चांगलं करायला शिकली, पण हा शब्द काही तिने बदलला नाही. माकडांनी छपराचे कवेलू फोडले, स्तोत्रम. ऐन स्वयंपाकात गॅस संपला, स्तोत्रम. बरं, ती स्वतः म्हणून थांबली असती तर मी सहन केलं असतं. ती समोरच्याकडूनही म्हणवून घ्यायची.

“आत्या, हात भाजला.”

“दुसरा चांगला हाय ना? मंग? स्तोत्रम म्हण.”

मी म्हणायची. नवी होते, म्हणायची.

माझी मुलगी जन्मली ती सकाळी, आणि संध्याकाळ तिने पाहिली नाही. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी घरी आले. आत्या दारात उभी होती. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून तेलुगूत प्रार्थना केली आणि मग म्हणाली, “ज्यानं देल्ली त्यानंच नेली. स्तोत्रम म्हण, पोरी.”

मी म्हटलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. अंगावरचं दूध पदराखाली झिरपत होतं आणि ही बाई माझ्याकडून आभार वसूल करत होती. त्या दिवसापासून तो शब्द मी तोंडात घेतला नाही. तो नाही आणि त्याचे मराठी भाऊबंदही नाहीत. चर्चला जात राहिले, गाणी म्हटली, सणाच्या पंगतीत वाढलं; पण उपकार मानायची वेळ आली की माझे ओठ मिटलेले असत. पुन्हा मूल झालं नाही. आत्याचा मी द्वेष केला, हे सरळच सांगते. देवाचाही थोडा केला, पण त्याच्याशी बोलणंच बंद केलं असल्यामुळे त्याला ते कळलं की नाही कोण जाणे.

कुरकूर मात्र कुठेतरी जायला हवी. ती परसातल्या भिंतीवरून पलीकडे जायची. पलीकडे वेल्डिंगवाल्याचं घर. त्याची बायको, मी तिला चाची म्हणते, कपडे वाळत घालताना, तांदूळ निवडताना, नातवाला न्हाऊ घालताना माझं ऐकायची. नवरा माझा मोहर्लीला ताडोबाच्या पर्यटकांची जिप्सी चालवतो. मंगळवारी वाघांना सुट्टी असते तेव्हा घरी येतो. स्वभावाने गरीब, आईसमोर गप्प आणि माझ्यासमोरही गप्प. मी घरी शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. म्हणजे घरात दिवसभर मी आणि आत्या, आणि मध्ये तो शब्द, अशी आमची वर्षं गेली.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी आत्या न्हाणीत पडली. आवाज ऐकून मी गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात कुणी दुसऱ्याचा असावा तसा मांडीवर पडलेला. गडचिरोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काही दिवस ती नुसती छताकडे बघत पडून होती, आणि मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर मनसोक्त कुरकुरत होते. पंखा फिरत नाही, चहा म्हणजे गरम पाणी, नर्स बोलते की भुंकते. ऐकून घेण्यावाचून आत्याला इलाज नव्हता.

एके दुपारी तिने ओठ हलवले. घशातून काहीतरी ओढून काढावं तसा चेहरा केला आणि म्हणाली, “स्तोत्रम.”

मी म्हटलं, आलीच का मूळपदावर.

पण ती थांबेना. स्तोत्रम, स्तोत्रम, डावा हात हवेत मारत, डोळे माझ्यावर रोखून. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीची सून भली बाई. तिला वाटलं, आजीला स्तोत्र ऐकायचं आहे. तिने मोबाइलवर कुठल्याशा देवीचं स्तोत्र लावून आत्याच्या उशाशी ठेवलं. आत्या खवळली, “स्तोत्रम! स्तोत्रम!” त्या बाईने आवाज आणखी वाढवला आणि आत्याचे पाय दाबायला बसली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पूजेच्या मांडवाजवळूनही न गेलेली आत्या त्या देवीच्या स्तोत्राखाली निपचित पडली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती बाई मला म्हणाली, “किती भक्ती हाय हो माउलीले.”

संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं. मेंदूला असा मार बसला की एखाद्या माणसाला एकच शब्द उरतो, फार सवयीचा. कोणाला शिवी उरते, कोणाला बायकोचं नाव. तिला कळतं सगळं, बोलायचं असतं वेगळंच, बाहेर मात्र तेच येतं. “पाणी म्हणायला जातील, हेच निघेल,” ते म्हणाले.

मी व्हरांड्यात गेले आणि हसले. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले. येणारे-जाणारे बघत होते. त्यांना वाटलं असेल, कोणी गेलं हिचं. देवाने आत्याला बरोबर तिच्याच शब्दात कोंडून वरून कडी लावली होती. आता ही कुरकुरणार कशी? मला वाटलं, न्याय झाला. बऱ्याच वर्षांनी मला देवाचं काहीतरी आवडलं होतं.

घरी तिची खाट माझ्या मशीनशेजारीच घातली. एका खोलीत दोघी. हळूहळू मला तिची भाषा कळायला लागली, कारण न कळून चालणार नव्हतं. चुकले तर अंथरूण मलाच धुवावं लागे. मधला ‘त्र’ दाताखाली धरला की लघवी. शेवटचा ‘म’ लांबवला की पाणी. बारीक, नाकातून, म्हणजे मच्छर. सरळ, शांत, खरोखर प्रार्थनेसारखा म्हटला की समजायचं, पोट साफ होत नाही. आणि एक खास माझ्यासाठी होता. तो ती पाठ चोळून घेताना, केस विंचरून घेताना, दातांच्या फटीतून काढायची. ती शिवी होती. मी ऐकून घेतलेल्या सगळ्या शिव्यांमध्ये ती अव्वल.

“मी बी तुमाले तेच म्हणतो, आत्या,” मी म्हणायची.

आमचं नातं तेव्हा जरा सुधारलं. भांडण दोन्हीकडून झालं की बरं वाटतं.

पण बाहेर वेगळंच सुरू झालं. आमचे पास्टर नवे, तरुण, मनाने चांगले आणि उत्साही. ते मंडळीतल्या लोकांना घेऊन प्रार्थनेला आले. खाटेभोवती दाटी झाली. एक जाडजूड बाई खाटेच्या कडेला बसली ती नेमकी आत्याच्या चांगल्या हातावर.

“आई, प्रभू भला हाय ना?” पास्टरांनी विचारलं.

“स्तोत्रम!” आत्या म्हणाली. “स्तोत्रम! स्तोत्रम!”

खोलीत शहारा गेला. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, आणि जिभेवर काय राहिलं तर उपकार! पास्टर सगळ्यांकडे वळून बोलायला लागणार तेवढ्यात मी मशीनवरून म्हटलं, “बाई, तुमी तिच्या हातावर बसल्या हा.”

बाई उठली. आत्या गप्प झाली. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी प्रार्थनेत शिंकले होते.

जाताना पास्टर मला दारात म्हणाले, “ताई, तुमच्या घरात प्रभूनं दिवा लावून ठेवला, अन् तुमाले हात तेवढा दिसला.”

मी त्यांना समजावून सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, मच्छरचा सूर सांगितला, पोटाचा सांगितला. शिवीचा नाही सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “माणूस तेच ऐकतो जे त्याच्या मनात असते.” माझ्या मनात काय होतं ते मला माहीत होतं.

गोष्ट पसरली. चामोर्शी, सावली अशा गावांकडून लोक यायला लागले. दुखणाईत माणसं यायची, नवस-सायास करून थकलेली यायची, ज्यांची पोरं गेली अशा आया यायच्या. आत्याच्या तोंडून तो शब्द ऐकायचा, रडायचं, हलकं होऊन जायचं. खोटं कशाला बोलू, काही खरोखरच हलकी होऊन जायची. आत्याने लघवी मागितलेली असायची आणि समोरची आई आपल्या मेलेल्या पोराबद्दल देवाला माफ करून उठायची. मी बेडपॅन हातात घेऊन दारामागे उभी. सूनबाई, तुमचं नशीब मोठं, असं मला म्हणायचे. आणि प्रवचनात माझा उल्लेख न करता माझा उल्लेख व्हायचा: एका घरात एक मुकी स्तुती करते आणि एक बोलणारी कुरकूर करते.

त्या वर्षी हंगामाच्या सणाला आत्याला चर्चमध्ये न्यायचं ठरलं. हा आमचा मोठा सण. धान घरात आलं की पहिला हिस्सा देवापुढे आणायचा. धानाच्या पेंढ्या दाराला बांधतात, कोहळे, वांगी, कोंबड्या वेदीपुढे मांडतात, सगळ्या मंडळीची पंगत उठते. पास्टरांची इच्छा होती की आत्याने सगळ्यांसमोर साक्ष द्यावी. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. उभं राहणं आणि सांगणं दोन्ही तिच्याकडून होणार नव्हतं, पण एक शब्द पुरे होता.

मी नाही म्हटलं. नवरा सुट्टी घेऊन आला होता. तो म्हणाला, “एक दिवस नेऊ दे ना. तिले बी जरा बाहेरची हवा लागन.” आणि आत्याचंही मन होतं. तिने सकाळी पांढरी साडी नेसवून घेतली, वेणी दोनदा सोडायला लावली. मग मी तरी कोण अडवणारी?

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला नेलं. मी पुढे गेले, कारण पंगतीच्या स्वयंपाकाला माणूस कमी होतं. चर्चच्या मागच्या बाजूला चुली मांडल्या होत्या. मी वरणाच्या गंजाशी होते. मला दिसलं काहीच नाही, सगळं नंतर कळलं. चर्चच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर खुर्चीचा पाय अडकला, एकाचा हात सुटला आणि आत्या उजव्या कुशीवर फरशीवर पडली. लगेच उचलली. पदर नीट केला, पुन्हा खुर्चीत बसवली. लुळी बाजू, तिला काय लागणार, असं सगळ्यांना वाटलं. लुळ्या अंगालाही दुखतं, हे खाट सांभाळणाऱ्यालाच कळतं.

मला भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. “स्तोत्रम!”

वरणाचा डाव हातात तसाच राहिला. तो पाण्याचा नव्हता, लघवीचा नव्हता, माझ्यासाठीचा नव्हता. मला तिचे सगळे सूर पाठ होते आणि हा त्यातला नव्हता. “स्तोत्रम! स्तोत्रम!” आणि आतून शंभर गळ्यांतून उत्तर आलं, हालेलुया. मग ढोलक सुरू झाली, खंजिरी सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या. ती ओरडली की लोक ओरडायचे. ती जोरात ओरडली की ढोलक चढायची. साऱ्या मंडळीला वाटलं, पवित्र आत्मा उतरला.

मी धावले. हातात डाव, डावातून वरण सांडतंय. दारात गर्दी, कोणी वाट देईना. एकीने माझा दंड धरला, “आता नोको जाऊ वो, आत्मा आला हाय.” मी तिला ढकललं. समोर खुर्चीत आत्या, मान मागे पडलेली, डोळे पांढरे, पांढऱ्या साडीखाली उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला. तिच्या दोन्ही बाजूंना लोक हात वर करून नाचत होते. आणि ढोलक माझा नवरा वाजवत होता. डोळे मिटून, गालावरून पाणी वाहतंय, आईची साक्ष ऐकून भरून आलेला. इतका आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, बंद करा. त्याला ऐकू गेलं नाही. मी डाव उचलून ढोलकीवर मारला. चामड्याची पुडी फाटली.

“हाड मोडलं तिचं!” मी ओरडले. “तिले दुखून राह्यलं! ती स्तुती नाई करून राह्यली, बोंबलून राह्यली ती! कोणालेच काऊन दिसत नाई?”

सगळं थांबलं. त्या शांततेत आत्या पुन्हा म्हणाली, “स्तोत्रम.” या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं. नवऱ्याने डोळे उघडले, आईच्या पायाकडे पाहिलं आणि फाटकी ढोलक मांडीवर तशीच घेऊन बसून राहिला. पास्टर वेदीपाशी भिंतीसारखे पांढरे पडले होते. त्यांच्या मागे एक पाय बांधलेली कोंबडी फडफडत होती. कोणीतरी तिला बाहेर नेलं.

चाचीच्या नवऱ्याच्या छोट्या गाडीत, वेल्डिंगच्या सळया बाजूला सारून, आम्ही तिला चंद्रपूरला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात, या लकव्यात ऑपरेशन झेपणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी न्या, दुखण्याच्या गोळ्या द्या, कुशीवर वळवत राहा. म्हणजे, मरेपर्यंत.

वळवणं म्हणजे काय ते मी लिहीत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वळवायची आणि वळवलं की मोडकं हाड हलायचं. दिवसातून कितीतरी वेळा मी तिला तेवढ्यासाठी छळायची आणि प्रत्येक वेळी ती मोठ्याने देवाचे उपकार मानायची. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, काय भक्तीचं घर आहे! लोक यायचे बंद झाले होते. डबे यायचे, दारात ठेवून जायचे. कोणी आत येऊन तिचा आवाज ऐकायला तयार नव्हतं. तोच आवाज, तोच शब्द, पण आता त्याचा अर्थ कळत होता ना.

पास्टर आले. दारात उभे राहून म्हणाले, “ताई, यातही प्रभूचा काही...”

“निघा,” मी म्हटलं.

ते निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि या वेळी काहीच बोलले नाहीत. चपला काढल्या, बाह्या वर केल्या आणि विचारलं, “कुठून धरू?” मी दाखवलं. त्यांनी धरलं. आत्या किंचाळली. वळवून झाल्यावर त्यांनी चादर सारखी केली. “काय म्हणतात त्या?” त्यांनी विचारलं.

“तुमाले शिव्या देते.”

ते खाली बसले आणि आत्याला म्हणाले, “द्या, आई.” आत्याने दिल्या. त्यानंतर ते जमेल तसे रोज यायचे. त्यांचं प्रवचन मला कधीच आवडलं नाही, पण माणूस मला आवडायला लागला.

माझी कुरकूर त्या दिवसांत नुसती वाहत होती. चर्चवर, नवऱ्यावर, त्या तीन पायऱ्यांवर, प्लास्टिकच्या खुर्चीवर. सगळी भिंतीपलीकडे. एके दिवशी चाची कपडे झटकता झटकता थांबली. म्हणाली, “मेरेको काहेको सुनाती रोज? मैंने किया क्या? जिसने किया उसको सुना.” आणि बादली उचलून आत गेली.

मला राग आला. मग लक्षात आलं की बाई बरोबर बोलली. इतक्या वर्षांत मी देवाबद्दल सगळ्यांपाशी बोलले होते, देवापाशी नाही.

त्या संध्याकाळी आत्याला वळवून झाल्यावर मी मशीनच्या स्टुलावर बसले आणि मोठ्याने प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडण. म्हटलं, हिचा खुबा मोडला आहे आणि तुला दिसत नाही असं मला वाटत नाही, म्हणजे तू बघतो आहेस. आयुष्यभर हिने तुझी हांजी हांजी केली आणि तू हिला हे दिलंस. हिला पाणी मागता येत नाही. हिला साधं अरेरे म्हणता येत नाही. तुझ्या स्तुतीच्या शब्दाने तू हिचं तोंड बांधलंस, तुला लाज वाटत नाही? असं बरंच. आत्याचं दुखणं, आत्याची लाज, आत्याचा संताप, जे जे मला तिच्या सुरांतून कळलं होतं ते सगळं मी तिच्या वतीने त्याला सांगितलं.

आत्या ऐकत होती. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, “स्तोत्रम.” आमेन म्हणतात तशी, मान हलवून. बरोबर बोललीस, सांग अजून.

मग हे रोजचं झालं. तिन्हीसांजेला मी बोलायची, ती तिच्या एका शब्दाने दुजोरा द्यायची. मी तिचं काही विसरले तर ती आठवण द्यायची. मी विचारत जायची, पाठ? मच्छर? पोट? आणि बरोबर शब्दावर ती हुंकार द्यायची. एका संध्याकाळी तिचं सांगून संपलं आणि मी थांबले नाही. माझ्या मुलीचं सांगितलं. जिने संध्याकाळ पाहिली नाही, तिचं. आणि म्हटलं, प्रभू, ही बाई त्या दिवशी दारात माझ्याकडून तुझे आभार मागत होती, ते मी तुला अजून दिलेले नाहीत आणि त्या मुलीबद्दल कधीच देणार नाही, हे तिच्यासमोर सांगते आहे.

आत्याने डोळे मिटले. मग तो शब्द म्हणाली, फार हळू, जवळजवळ नुसता श्वास. हा सूर मी पूर्वी ऐकला नव्हता. ती माफी होती की तिचा जुनाच हट्ट होता, मला आजही ठरवता येत नाही. तिचा चांगला हात खाटेवरून खाली लोंबत होता. मी तो धरला. तिने सोडवला नाही.

त्यानंतर माझ्यात काहीतरी ढिलं झालं. तक्रारी सगळ्या सांगून टाकल्या की माणूस रिकामा होतो, आणि रिकाम्या माणसाला बारीकसारीक दिसायला लागतं. एका सकाळी मी तिची पाठ पुसत होते. एवढे आठवडे पडून, आणि पाठीवर एकही जखम नाही. कातडी म्हातारी, सुरकुतलेली, पण अखंड. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “उपकार, प्रभू.” मी दचकले. आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर असं विजयाचं हसू आलं की मला ओला फडका तिच्या तोंडावर फेकावासा वाटला.

खरं तेवढंच सांगते. मला दुःखाबद्दल आभार मानता आले नाहीत. मोडलेल्या हाडाबद्दल नाही आणि माझ्या मुलीबद्दल नाही. पण देवाने माझं भांडण ऐकून घेतलं, दार लावून घेतलं नाही. ज्याच्याशी भांडता येतं त्याचे आभार मानता येतात. आधी मला दोन्ही येत नव्हतं. भिंतीवरून चाचीशी मी आता बहुधा भाजीबद्दल बोलते. तिलाही सुटल्यासारखं झालं असणार.

थंडीच्या शेवटी आत्या खचली. मग तो शब्दही गेला. डोळे उघडे, ओठ हलायचे, बाहेर काही नाही. आता तिला काय हवं ते मला कळेना. कोणत्या सुरात काय ते इतक्या कष्टाने शिकले होते, आणि आता सूरच नव्हता. त्या संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, प्रभू, हिला ने आता, पुरे झालं. दुजोरा आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या ओठांवर पेजेचं पाणी लावत होते, बोटाने, थोडं थोडं. ती गिळत नव्हती. मी बोट जरा आत घातलं, आणि ती चावली. तिला दात फार उरले नव्हते, पण होते ते तिने असे रोवले की मी किंचाळले. रक्त आलं. मी तिच्याकडे पाहिलं तर डोळे माझ्यावर रोखलेले, स्वच्छ, जागे, संतापलेले. पुरे झालं असं मी ठरवलेलं तिला चाललं नव्हतं. त्या बाईला पहाटेपर्यंत जगायचं होतं आणि ती पहाटेपर्यंत जगली.

कबरस्तानात जाण्याआधी पास्टरांनी मला बाजूला घेतलं. लोकांना सांगायचं होतं, म्हणून विचारलं, “शेवटी काय बोलल्या?”

लोकांना काय ऐकायचं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“बोलल्या नाई,” मी म्हटलं. “चावल्या.” आणि चिंधी सोडून बोट दाखवलं.

त्यांनी ते पाहिलं. मग कबरीपाशी उभं राहून सगळ्या मंडळीला जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर न वाढवता. हसावं की रडावं ते लोकांना कळेना. नवरा दोन्ही करत होता. मी मूठभर माती टाकली आणि बोट ठणकलं. त्या ठणक्याबद्दल मी देवाचे मनापासून आभार मानले, कारण तेवढीच ती माझ्याकडे उरली होती. पुढच्या काही दिवसांत ते बोट बरं झालं, आणि त्याबद्दल मी त्याच्याकडे तक्रार केली.